बोकडाने अंग झाडलं नाही

बाबा, कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, म्हणून आधी लाजिरवाणी गोष्टच सांगून टाकते. तुमची मुलगी या वयात मोबाईलवर जपानी कार्टून बघते. शहापूरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दोऱ्यांच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवायचा, हात साडीवर आणि डोळे पडद्यावर. तुम्ही असता तर म्हणाला असता, "घोडी झाली तरी पोरखेळ सुटंना." पण हे पोरांचं नाही हो. जुन्या काळातला एक तलवारबाज आहे, त्यांच्याकडे सामुराई म्हणतात. त्याच्या धन्याला कोणी दग्याने मारतं आणि हा एकेकाला शोधून कापत सुटतो. गोष्ट एवढीच. पण ते कापणं इतक्या निगुतीने काढलंय की नको म्हटलं तरी नजर हटत नाही. गिऱ्हाईक आलं की मी पटकन मोबाईल पालथा घालते. चोरी पकडल्यासारखं होतं, पण बघणं काही थांबत नाही.

नुसतं बघून भागत नाही, त्यावर बोलायचंही असतं. आमचं मराठीतून असं बोलणारं एक टोळकंच आहे, कोणी पुण्याचं, कोणी अकोल्याचं, एकमेकांची तोंडं कधी न पाहिलेलं. मीही तोंड दाखवत नाही. माझ्या व्हिडिओत फक्त शिलाई मशीन, माझे हात, आणि वरून आवाज. भांडणं म्हणाल तर गावच्या बांधावरच्या भांडणापेक्षा चिवट. कोणी म्हणतं, इतकं रक्त कशाला, गोष्ट कुठे आहे? कोणी म्हणतं, रक्त हीच गोष्ट, दुसऱ्या भागात कमी केलं म्हणून मालिका पडली. कोणी आमच्यासारख्या हिंदी आवाजात बघणाऱ्यांना अडाणी ठरवतं. आता फॉल लावताना पडद्याखालची भाषांतराची अक्षरं वाचत बसले तर सुई बोटात जाईल, हे त्यांना कोण सांगणार! सगळ्यात मोठा वाद झाला तो घोड्यांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्यावरून. तो गुडघ्यावर बसून हात जोडतो आणि आपला नायक त्याला तरीही कापतो. मी बोलले, की मला ते आवडलं नाही, त्या जागी तलवार थांबायला हवी होती. बाबा, तेव्हा मी खरं तेच बोलले होते. त्याखाली एकाने लिहिलं, "ताई, तुम्ही फॉल लावा. बायकांना काय कळतं हत्यारातलं."

मस्तकात गेली माझ्या. दुसऱ्याच दिवशी मी व्हिडिओ केला. म्हटलं, मला कळतं. माझ्या माहेरी गावदेवाच्या जत्रेत बोकड कापायचा मान आमच्या घराचा. माझे बाबा एका घावात मुंडकं वेगळं करायचे, डोळ्याची पापणी हलायची नाही. त्यांच्यापुढे हा सामुराई म्हणजे केळी कापणारा! असं आणि अजून बरंच. तुम्ही कोयत्याला धार कशी लावायचात, कापण्याआधी कसे तोंडातून शब्द काढत नसायचात, गाव कसं श्वास रोखून उभं राहायचं. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला की शेजारचा इस्त्रीवाला डोकावून गेला. आणि माझा व्हिडिओ कधी नव्हे तो चालला. ओळखीपाळखीच्या नसलेल्या लोकांनी लिहिलं, "तुमचे बाबा खरे योद्धे," "असा बाप पाहिजे," "बाबांना मुजरा." ज्याने मला फॉल लावायला सांगितलं होतं त्यानेसुद्धा हात जोडल्याचं चित्र टाकलं. काय सुख वाटलं मला, काय सांगू! दोन दिवस मी साड्या उलट्या शिवत होते.

खरं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुमचा हात थरथरायचा. घाव दोन लागायचे, कधी त्याहून जास्त, आणि त्या मधल्या वेळात जे व्हायचं ते मला लिहवतही नाही. जत्रेच्या आदल्या दिवसापासून तुम्ही जेवत नसायचात. लोकांना वाटायचं उपास. बोकड कापून घरी आलात की मी स्वयंपाकघरात आईच्या मागे बसलेली असते, मागच्या दाराशी तुम्ही राखेने हात घासताय, घासताच आहात, आणि मग आंब्याच्या बुंध्याशी जाऊन ओकताय. आई पेजेची वाटी पुढे करते. तुम्ही म्हणता, "ठेव तिथं, पितो मागून." गावात मटणाचा वास सुटलेला, आणि आपल्या घरात वाट्याला आलेला मानाचा तुकडा आई गपचूप शेजारी देऊन येते.

आणि मग ते साल. मी आठवीत होते. बोकड काळा होता, कपाळावर गुलाल. आपल्याकडची रीत अशी, की बोकडावर आधी पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं, थरथरला, की देवाने घेतला, मग घाव. एरवी कुठला बोकड पाण्याने अंग झाडत नाही? मी बायकांच्या घोळक्यातून सरकत सरकत तुमच्या डाव्या हाताला, चाफ्याच्या आडोशाला येऊन उभी. तुम्ही तांब्यात हात बुडवलात. बाहेर काढताना कमरेच्या पंच्याला पुसलात. आणि कोरडा हात बोकडावर झटकलात. मला आधी वाटलं, चुकून झालं. तुम्ही पुन्हा तसंच केलंत, आणि पुन्हा. बोकड आपला उभा, पुढ्यातला पाला खात. लोक ओरडायला लागले, "टाक अजून, टाक!" तुम्ही कोयता देवाच्या दगडापाशी ठेवलात आणि म्हणालात, "तीनदा टाकलं. अंग झाडलं नाय त्यानं. देवाला नको हाय. मी नाय मारणार." एवढं मोठं वाक्य तुम्ही चारचौघांत कधी बोलला नव्हतात.

काय गहजब झाला होता! कोणी अंगावर आलं, कोणी देव कोपेल म्हणालं, शेवटी रडतखडत बोकडाच्या जागी कोहळा फोडला. त्या वर्षी भात चांगलं आलं, कोणाचं काही वाकडं झालं नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा कोहळा, आणि मग तोच पडला पायंडा. पण तुमचं नाव गावाने कोहळ्या ठेवलं. "कोहळ्या आला, कोहळ्या चालला." धसईच्या बाजारात भात घालायला गेलात तरी मागून कोणीतरी हाक मारायचंच. तुम्ही हसून घ्यायचात. मी नाही हो हसायचे. शाळेत मला कोहळ्याची पोर म्हणायचे, आणि मला ठाऊक असूनही मी कोणाला सांगू शकत नव्हते, की माझा बाप भित्रा नाही, त्याने अख्ख्या गावाच्या आणि देवाच्या डोळ्यांदेखत हात पुसला. सांगितलं असतं तर बोकड परत आला असता. तुम्हीही मला कधी विचारलं नाहीत, तू पाहिलंस का म्हणून. माझं लग्न व्हायच्या आधीच तुम्ही गेलात, ते नाव घेऊनच गेलात.

तर माझा तो व्हिडिओ गावात पोचला. काकाच्या मोठ्या मुलाचा फोन आला, आवाज नुसता फुललेला. "ताय, काय बोललीस गो! सगल्या तालुक्यात फिरतंय. आनी आमी बसलोय कोहळा फोडत, लाज वाटते. या सालापासून बोकड. आपल्या घरचा मान हाय, कोयता मी धरणार. तू फक्त शूटिंगला ये." मी म्हटलं, अरे थांब. तो म्हणाला, "थांब कशाला? तुझ्याच तोंडचं हाय ना?" मग त्याने गावच्या जत्रेच्या बैठकीचा दिवस सांगितला आणि फोन ठेवला. बाबा, ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही आयुष्यभर कोहळ्या म्हणवून घेतलंत, ती मी एका अनोळखी माणसाची जिरवायला मोडून ठेवली होती.

बैठकीला गेले. दुकान बंद ठेवलं, किन्हवलीवरून मुरबाड, तिथून धसईची गाडी, पुढे चालत. देवळापुढे सतरंजी टाकलेली, बायका कडेला. चुलतभावाने आधी माझा व्हिडिओच लावला, मोठ्या स्पीकरवर. स्वतःचा आवाज देवापुढे ऐकणं काय असतं ते मला विचारा. "डोळ्याची पापणी हलायची नाही," असं मी तिथे बोलतेय, आणि समोर तुमच्या वयाची उरलीसुरली माणसं माना खाली घालून ऐकताहेत. तरण्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्यात तुमचा तो जुना सोबती होता, त्या साली बोकडाची दोरी धरलेला. आता काठी घेऊन चालतो. तो म्हणाला, "बंद कर ते." आणि माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, "तुझा बाप एका घावात मारायचा? कवा गो? मी दोरी धरायचो. दोन घाव लागायचे, तीन लागायचे, आनी तुझा बाप मागं जाऊन ओकायचा. खोटं कशाला बोललीस?"

मी उभी राहिले. म्हटलं, हो, खोटं बोलले, लोकांनी वा म्हणावं म्हणून बोलले. बाबांच्या हाताला कापणं जमत नव्हतं, आवडतही नव्हतं. पोरांमध्ये खसखस पिकली. चुलतभावाचं तोंड उतरलं, पण तो हटणारा थोडाच. म्हणाला, "बरं, ते खोटं. मग त्या सालचं पाणी तरी खरं का? का तेबी तसंच? पाणी नीट टाकलं असतं तर बोकड हलला नसता व्हय?" बाबा, तेव्हा मला कळलं की मी कुठे येऊन उभी आहे. आत्ताच मी खोटारडी ठरले होते आणि आता तुमच्यासाठी मला पुन्हा खोटं बोलायचं होतं, तेही देवापुढे. मी म्हटलं, "मी बाजूलाच होते. ओंजळ भरून टाकलं. तीनदा." कोणी विश्वास ठेवेना, ठेवावा तरी का? मग तो म्हातारा काठीवर जोर देऊन म्हणाला, "दोरी माझ्या हातात व्हती. माझा सदरा भिजला व्हता त्या पाण्यानं. देवानं नाय म्हटलं ते नायच. कोहळा आणा." त्याच्या शब्दापुढे कोणी गेलं नाही. पोरं कुरकुरत उठली, या सालापुरतं निभावलं. तो म्हातारा असेपर्यंत निभावेल.

मी त्याच्या पाया पडायला गेले. त्याने पाय मागे घेतला. हळू आवाजात म्हणाला, "एक थेंब नव्हता आला माझ्या अंगावर. मला तवाच कळलं. एवढी वरसं तुझ्या बापाचं खोटं मी पोटात ठेवलं, कारन ते बोकडासाठी व्हतं. तुझं कशासाठी व्हतं?" तो थांबलाही नाही उत्तरासाठी. मी धसईपर्यंत चालत आले आणि गाडी येईपर्यंत पदराने तोंड पुसत उभी होते. भाजीवालीने विचारलं, काय झालं गो, म्हटलं धूळ गेली.

आता त्या म्हाताऱ्याला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला लिहितेय. हे कुठे पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठे? दुकानातल्या बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे, लिहून झालं की चुलीत घालीन. मालिकेचा नवा भाग आलाय, लोक पुन्हा भांडताहेत, मला विचारताहेत, ताई तुमचं मत काय. मी काही बोललेले नाही. पण तो व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही, बाबा. बैठकीतून आले ती काढायचाच म्हणून आले होते. बोट तिथे नेलं, आणि खाली लोकांनी लिहिलेलं दिसलं. चुलतभाऊ तोच व्हिडिओ पुढच्या वर्षी पुन्हा लावेल, हे कळतं मला. तो म्हातारा तेव्हा नसला तर काय होईल तेही कळतं. पण अख्ख्या जगात तुम्हाला शूर म्हणणारी माणसं तेवढ्या एका जागी आहेत, आणि रोज दुकान उघडलं की मी आधी तेच वाचते.