बाभळीची फेरी

बाबा,

आधी जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. आईला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं आहे. घरात ते चालतं. बोटीवर वारा आणि मोटार मिळून त्यात नुसती खरखर होते, म्हणून ती ते काढून ठेवते.

२. कापूस वेचायला पलीकडे जाणाऱ्या बाया बोटीत असताना मोटार धरणाच्या मध्यावर बंद पडली. मोटारीला थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या जाळीवर पॉलिथिनची पिशवी बसली होती. मोटार तापली, तिचा आवाज जड झाला, आईला तो कळला नाही. बायांनी बांबूने आणि एकीने घमेल्याने वल्हवत बोट काठाला लावली. कोणाला काही झालं नाही.

३. बोट मच्छीमार सोसायटीची आहे. ती आईकडून काढून दुसऱ्याला द्यावी असं सोसायटीत बोलणं झालं.

४. मी रजा घेऊन आले आणि मोटारीची हालत दाखवणारे तीन मीटर बोटीला बसवले.

५. येत्या शनिवारी सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः बोटीत बसणार आहेत. त्यानंतर निर्णय.

असं लिहायची मला कारखान्यात सवय लागली. नागपूरजवळच्या एका कारखान्यात मी मीटर तपासते; दाबाचे, तापमानाचे, प्रवाहाचे. मीटर खरं बोलतो की नाही ते पाहायचं, खोटं बोलत असेल तर किती ते लिहायचं आणि सही करायची. तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमा करत होते, त्यामुळे हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आई लोकांना सांगते, "पोरगी काटे सरळ करते." त्याहून नेमकं मलाही सांगता येत नाही.

तुम्ही मुळात बोटीवरचे नव्हतातच. सौंसरच्या दुकानात संत्र्याच्या बागांचे पंप दुरुस्त करत होतात. सोसायटीची मोटार सुरू होईना म्हणून कोणीतरी तुम्हाला धरणावर नेलं, तुम्ही ती सुरू केलीत, कशी चालवायची ते दाखवायला एक चक्कर मारलीत आणि मग दुकानात परत गेलाच नाहीत. आई हे अजून तक्रारीच्या सुरात सांगते. "पाना घेऊन गेला अन् डोंगा घेऊन आला तुया बाप." मोटार पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की रॉकेलवर टाकायची, आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायची, म्हणजे पुढच्या खेपेला ती अडून बसत नाही. हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. रॉकेलवर टाकायची जागाही ठरलेली होती. काठापासून थोडं आत, पाण्यात अर्धी बुडालेली वाळकी बाभूळ. उन्हाळ्यात बाभूळ आली की पेट्रोल-रॉकेल बदलायचा कॉक फिरवायचा. थंडीत तेवढ्या अंतरात मोटार गरम होत नाही, म्हणून बाभळीला हळू एक फेरी मारायची आणि मग फिरवायचा.

मी आठवीत आहे. पाण्यावरून वाफ उठते आहे, मधल्या आडव्या फळीवर मी तुमच्याकडे तोंड करून बसले आहे, माझ्या अंगात तुमचा स्वेटर आहे आणि बाह्या हातांच्या खाली लोंबतात. बोट बाभळीभोवती फिरते आहे. मी विचारते, "किती डिग्री झाल्यावर टाकायचं?" तुम्ही माझी बाही मागे सारता आणि हात मोटारीच्या बाजूने पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेखाली नेता. "हे इतकं झालं का टाकाचं."

"म्हणजे किती?"

"तुया आईच्या चहाहून कमी, सेक्रेटरीच्या चहाहून जास्त."

तेव्हाचे सेक्रेटरी वेगळे होते. चहा सोसायटीत अजून तसाच मिळतो.

डिप्लोमाला नंबर लागला तेव्हा तुम्ही सौंसरहून सकाळच्या बसने नागपूरला गेलात आणि सीताबर्डीवरून मल्टीमीटर आणलात. पिवळा, तापमान मोजायची वायर असलेला. तो मी अजून वापरते. पहिल्याच थंडीत मी ती वायर मोटारीच्या डोक्यावर बसवली, बोट वळवायचा दांडा हातात घेतला आणि फेरी संपताना आकडा किती येतो ते पाहत राहिले. पन्नासच्या जरा खाली आला. तेवढ्यात बोट मासे धरायच्या जाळ्याला बांधलेल्या तरंगत्या डब्यांवर गेली. तुम्ही माझ्या हातातून दांडा घेतलात, बोट मागे वळवलीत, आणि काठाला लागेपर्यंत एकच बोललात. "आकडा पाहून राहिली. पानी कोन पाहीन?" तुम्ही मला रागावलात असे प्रसंग मला दोनच आठवतात. हा त्यातला दुसरा.

मग नागपूरचा दवाखाना. तुमच्या हाताला सलाईन लावलेलं, मी शेजारी स्टुलावर. तुम्ही त्या बाटलीकडे बराच वेळ पाहिलंत आणि मला म्हणालात, "हे पेट्रोल हाय का मातीतेल?" मी म्हटलं, पेट्रोल. "पेट्रोल लावलं? मंग बंद कराची तयारी दिसते." आई बाहेर होती. आपण दोघं एवढं हसलो की नर्स पाहायला आली. त्या हसण्याबद्दल मी आईला कधी सांगितलं नाही.

बोट आईने चालवायला घेतली तेव्हा लोकांना वाटलं, चार दिवस करेल. तिने इतकी वर्षं केली. बाभूळ तुमच्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात पडली, बुंधा पाण्याखाली गेला, वर काही राहिलं नाही. आई मात्र थंडीच्या दिवसांत नेमक्या त्याच जागी पोचून मोकळ्या पाण्याला एक फेरी मारते आणि मग कॉक फिरवते. जागा कशी ओळखते विचारलं तर म्हणते, "अटीच तं होती, या जागी."

सेक्रेटरी घरी आले होते. माणूस वाईट नाही. दारातूनच मोठ्याने "वहिनी, जयभीम" म्हणाले आणि बोलणं संपेपर्यंत आवाज तसाच वर ठेवला, म्हणून मला ते आवडले. "वहिनी, मोटार ऐकू नाई येत तं चालवान कशी? अन् वरून मोकळ्या पान्यात डोंगा गोल घुमवता. तेल जाते. नवीन मानसं घाबरते."

"घाबरत नाई, हात जोडते," आई म्हणाली.

"देवस्थान हाय का ते?"

"मोटार थंडी असते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय का, पोरी?" मी म्हटलं, मोजून सांगते. ते म्हणाले, "मोज. शनिवारी मी सोता बसतो. बराबर गेली, बराबर आली तं बोट वहिनीकडंच. नाई तं मले दुसरा मानूस पाहा लागंन." ते गेल्यावर आईने त्यांचा कप उचलला आणि मला विचारलं, "मी घरी बसून काय करू?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. आपल्या घरात आता ते दोघींनाही जमतं.

मीटर असे बसवले. एक मोटारीचं तापमान दाखवतो. एक मोटार फिरण्याचा वेग दाखवतो. त्याची वायर प्लगच्या वायरीवर गुंडाळली, मोटारीला कुठे भोक पाडावं लागलं नाही. तिसरा थंड करणाऱ्या पाण्याचा दाब दाखवतो, आणि दाब उतरला की लाल दिवा लागतो. त्या दिवशी हा दिवा असता तर पिशवी बसल्याबसल्या आईला कळलं असतं. बॅटरी मोटरसायकलची, पांढुर्ण्याहून आणली, फळीखाली लाकडी खोक्यात बसवली. तिन्ही मीटर एका पत्र्यावर घेतले आणि पत्रा मधल्या आडव्या फळीला लावला, दांडा धरून बसणाऱ्याच्या थेट नजरेसमोर. बोटीत एकटीने बसून सगळ्या बाजूंनी पाहिलं. काटे स्वच्छ दिसत होते.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या आणि त्या फळीवर बसल्या. डबे, घमेली, पोरांचे स्वेटर आणि पाच जणींच्या पाठी. आईला मीटर दिसेनात. मी टोकाला उभी. रिकाम्या बोटीत मोजून भरल्या बोटीला मीटर लावणारी मी पहिलीच असेन.

"काय लावलं वं हे, टीवी?" एकीने विचारलं.

"सिरीयल लागते का यात?"

मी सांगितलं, मोटार किती तापली ते कळतं. तशी त्यांच्यातली सगळ्यात मोठी, जिला सगळ्या काकू म्हणतात, ती उलटी फिरून पत्र्यापुढे बसली आणि आईला हाताने दाखवू लागली. काटा उठला की तळवा वर. "उठून राहिला वं! अजून उठला!" दुसरी म्हणाली, "काकू, भाकर फुगून राहिली का काटा?" आई हसत होती. बाभळीच्या जागी बोट वळली तेव्हा मात्र सगळ्यांनी हातातले डबे खाली ठेवले. एक नवी पोरगी होती, तिला काकूने कोपराने ढोसलं. "हात जोड. तिच्या मालकाची जागा हाय ते." आणि सगळ्यांनी हात जोडले.

म्हणजे आई सेक्रेटरींना खरंच सांगत होती. मला वाटलं होतं ती त्यांना टोलवते आहे. तुमचा मोटार तापवायचा उपाय या बायांसाठी तुमची समाधी झाला आहे, आणि तुम्ही तर दवाखान्यात गेलात, बाभळीपाशी काहीच झालेलं नाही. मी त्यांना मोटारीचं कारण सांगणार होते. सांगितलं नाही. फेरी पुरी झाली, आईने कॉक फिरवला. तिला पत्रा दिसत नव्हता. मी मान वाकवून पाहिलं. काटा पन्नासच्या जरा खाली होता.

त्या संध्याकाळी मी पत्रा काढला, लोखंडी पट्टी वाकवली आणि तो आईच्या डाव्या गुडघ्यापाशी लावला. मग तापमानाच्या मीटरवर पन्नासच्या जरा खाली खूण केली आणि एकटीने बोट नेऊन मोजणी केली. फेरी न मारता सरळ गेलं तर काटा त्याच खुणेला येतो, फक्त पहिल्या जाळ्यांच्या थोडं अलीकडे. काही बिघडत नाही. मीटर असला की जागेची गरज नाही. काटा खुणेला आला की कॉक फिरवायचा, बोट कुठेही असो. सेक्रेटरींना हे नक्की पटेल. मी स्वयंपाकघरात आईला समजावून सांगितलं. ती भाकर थापत होती, यंत्र कानात होतं, त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणायला जागा नव्हती. "आता फेरी नाही मारली तरी चालते," मी म्हटलं. तिने भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि म्हणाली, "बरं."

एवढंच. वाद नाही. काल सकाळी ती सरळ गेली. काटा खुणेला आल्यावर तिने कॉक फिरवला, अगदी मी सांगितलं तसा. मोटारीने कुरकुर केली नाही. बाभळीची जागा डाव्या हाताला राहिली आणि मागे गेली, आणि तिने तिकडे पाहिलं नाही. काकू म्हणाली, "आज काऊन नाई घुमवला?" आईने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. काकू तिच्यासमोर हातभर अंतरावर होती, आणि तोंड पाहून आईला सगळं कळतं. काकूने एकटीनेच मागे वळून हात जोडले.

मीटर चांगले आहेत, बाबा. मी तिन्ही तपासलेत. ते खरं बोलतात. शनिवारी आई सरळ गेली, लाल दिवा लागला नाही आणि बोट वेळेत आली, तर बोट तिच्याकडे राहील, हे मला जवळपास नक्की वाटतं. फेरी मारली तर सेक्रेटरी विचारतील, काटा असताना हे कशाला, आणि त्यावर माझ्याकडे मोजून दाखवता येईल असं उत्तर नाही. त्यांनी बोट काढून घेतली तर ती माझ्या उत्तराअभावी जाईल. आई मला काही विचारत नाही. मी सांगेन तसं करेल, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती आहे.

अजून एक. तुम्ही मोटारीच्या आवाजात आवाज मिसळून एक सूर धरायचात, तोंड बंद ठेवून. मोजणीच्या संध्याकाळी मी तो सूर धरला आणि दोन्ही आवाज एक होईपर्यंत दांड्याची वेगाची मूठ फिरवत गेले. जिथे एक झाले तिथे वेगाच्या मीटरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. आईने विचारलं, हे काय. मी म्हटलं, चालवायचा वेग. आणि परत येताना मी बाभळीच्या जागेला फेरी मारली. मोटार चांगली गरम होती, रॉकेलवरच होती. एक मारली, मग आणखी एक.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, म्हणून ते मल्टीमीटरच्या पिशवीत राहील. तरी विचारते. आईला सरळ जायला सांगू की फेरी मारू देऊ? सेक्रेटरी शनिवारी सकाळी पहिल्या खेपेला येणार आहेत. शुक्रवारपर्यंत कळवा.