भिंत – क्षमा

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून देतोस. माझा फोन आला की जगातल्या सगळ्यांचे डोळे नेमके कसे बिघडतात, ते तुझ्या चष्म्याच्या दुकानालाच ठाऊक. म्हणून पत्र लिहिते. आता गुपचूप शेवटपर्यंत वाच.

मामाला जाऊन परवा तीन महिने झाले. त्याने शिकवलेल्या फुटबॉल संघातल्या जुन्या पोरांनी ठरवलंय की पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी चर्चमध्ये त्याच्या आठवणींची प्रार्थना करायची आणि दुपारी मैदानावर सामना खेळायचा. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या अंतिम सामन्यातलेच दोन्ही संघ. पोरं म्हणते खरी, पण जर्सी शिवायचं काम माझ्याकडे आहे, तेव्हा मला सगळ्यांची खरी मापं कळली आहेत. डबलला तेव्हा दुप्पट खातो म्हणून डबल म्हणायचे, आता माझी टेप त्याच्या पोटाशी येऊन संपते. लंगडी तर जिना चढतानाच दोनदा बसला.

फक्त एक नंबरची जर्सी राहिली आहे. मामीची फार इच्छा आहे की गोलमध्ये तूच उभं राहावंस आणि सकाळी चर्चमध्ये मामाबद्दल चार शब्द बोलावेस. ती स्वतः तुला सांगणार नाही. मागे सांगून बघितलं, तू मातीलासुद्धा आला नाहीस.

मला आजकाल तो सारखा आठवतो. दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करून संध्याकाळी खिशात पाना घेऊनच मैदानावर यायचा. बचाव ढिला पडला की वॉशर गेलाय म्हणून ओरडायचा. सामन्याआधी टोपी काढून प्रार्थना करायचा आणि तुम्हाला बजावायचा की देवाकडे दम मागा, गोल मागू नका, कारण समोरच्या पोरांचा बापही तोच आहे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी त्याचा देव नव्हता, पण डोळे सगळेच मिटायचे.

कंबरेचं माप कळव. खरं माप.

लोभ आहेच, त्यात तुझ्या उत्तराची भर पडू दे.

तुझी,
ताई

---

९ जानेवारी

ती. ताईस,
स. सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मला जमणार नाही. दुकानात काचा घासायचं नवीन मशीन आलंय, मालक गावाला जाणार आहेत, शिवाय माझा खांदा दुखतो.

ही तीन कारणं लिहून पाकीट बंद केलं होतं. मग वाटलं, तू टाके उसवण्यात पटाईत, उगाच कशाला. उघडलं आणि पुढे लिहितोय.

ताई, तू त्या दिवशी मैदानावर नव्हतीस. बरोबरी चालली होती, शेवटची पाच मिनिटं. त्यांचा कॉर्नर आला, चेंडू वरच्या दांड्याला लागून खाली पडला आणि मी तो ओढून छातीशी धरला. ते गोल गोल म्हणून नाचायला लागले. रेफरी लांब होता आणि ऊन त्याच्या डोळ्यांवर. तो धावत आला, मला विचारलं, मी नाही म्हटलं. आमच्या बाकीच्या दहा जणांना विचारलं, त्यांनीही नाही म्हटलं. तेवढ्यात मामा आत आला. रेफरीला म्हणाला की गोल द्या, माझा भाचा खोटं बोलतोय. गोल दिला गेला आणि आम्ही हरलो.

सगळं मैदान ऐकत होतं. दहा जणांचं नाही त्याला ऐकू आलं नाही, दिसला तो भाचा. अख्खं गाव त्याला मामा म्हणायचं, पण सख्खा मामा तो माझा होता आणि त्याने मला तिथे उघड्यावर खोटारडा ठरवलं. चेंडू कुठे होता हा मुद्दाच नाही. मला बाजूला घेऊन विचारलं असतं तर त्याचं काय जाणार होतं?

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही हे तू जाणतेस. आता तो नाही आणि मी उभं राहून त्याचे गोडवे गायचे, हे माझ्याच्याने होणार नाही. एक नंबरची जर्सी दुसऱ्या कुणाच्या तरी मापाची शिव.

मामीला सलाम. राग नसावा, असला तर थोडा मलाही ठेव, तो मीच वापरतो.

तुझा,
धाकटा

---

१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो तू. पण आज भांडत नाही, कारण बातमी चांगली आहे आणि ती सांगितल्याशिवाय माझ्या हाताला शिवण लागत नाहीये.

चर्चमध्ये वाटायच्या पत्रिकेसाठी काहीतरी लिहायला हवं म्हणून मामीने मला मामाची वही दिली. नळाच्या कामांची असेल म्हणून उघडली तर आत प्रार्थनेची यादी. दर शनिवारी पहाटे तो ती घेऊन बसायचा. प्रत्येकाचं टोपणनाव, पुढे रेघ आणि एकच शब्द. लंगडी – गुडघा. डबल – भूक. बोका – गणित. हा बोका आता कॉलेजात गणित शिकवतो, तेव्हा त्या वहीत काहीतरी आहे बाबा. मीही आहे तिच्यात. ताई – जीभ. हे वाचून मामी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी अजून हसलेली नाही.

आणि तुझं नाव. भिंत – क्षमा. भिंतीपुढे आधी दुसरेच शब्द होते, उंची, उडी, खोकला. त्या सामन्यानंतरच्या शनिवारपासून हा एकच शब्द आहे आणि शेवटच्या पानापर्यंत तो बदललेला नाही. एकोणीस वर्षं, दर शनिवारी. तो तुला क्षमा करत होता रे. तू सामन्यात जे काही बोललास ते त्याने कधीच सोडून दिलं होतं. तूच उगाच गाठ धरून बसलास.

आता तरी येशील ना? माप कळव. नाहीतर मी डबलच्या मापाची शिवून मोकळी होईन.

माया आहे तशीच आहे, जीभही.

तुझी,
ताई

---

१९ जानेवारी

ती. ताईस,
स. सलाम, वि. वि.

वाचून धन्य झालो. म्हणजे मी दर शनिवारी देवाच्या दारात खोटारडा म्हणून उभा केला जात होतो. मैदानावर एकदा, वहीत हजारदा. मी मागितली होती का क्षमा? चारचौघांत अपमान त्याने केला आणि माफीही मलाच?

मी येणार नाही, आणि कृपा करून ती ओळ पत्रिकेत छापू नकोस.

तुझा,
धाकटा

---

२४ जानेवारी

चि. भाचेबुवांस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझी ताई डोळे सुजवून आली आणि दोन्हीकडची पत्रं माझ्यापुढे टाकून बसली. मला वाटलं होतं ह्या भानगडीत पडायचं नाही. पण तुम्ही दोघं भावंडं एवढी शिकलेली, आणि दोन अक्षरांचा एक शब्द वाचता येईना, म्हणून पेन हातात घेतलं.

वहीत तुझा मामा एकच शब्द लिहायचा, पण प्रार्थना मोठ्याने करायचा. मी शेजारी चहा ठेवत असायची, मला सगळ्या पाठ आहेत. लंगडीला गुडघा दे, बोक्याला गणित समजू दे. आणि तुझ्या नावाशी तो म्हणायचा की प्रभू, भिंतीला मला क्षमा करायची बुद्धी दे. क्षमा त्याला हवी होती, तुझ्याकडून. कळलं का आता?

त्या दिवशी तो घरी आला तो बूट न काढताच बसला. म्हणाला, मी खरं बोललो, पण ते खरं पोराच्या डोक्यात दगडासारखं घातलं. आधी त्याच्याकडे जायला हवं होतं, मी रेफरीकडे गेलो. दहा जणांना काही बोललो नाही, घरच्याला बोललो, कारण घरच्याला बोलणं सोपं पडतं. चेंडूबद्दल तो पुन्हा अवाक्षर बोलला नाही. मला आजही माहीत नाही चेंडू कुठे होता, आणि मला काही फरक पडत नाही.

तू विचारशील, मग तुला का नाही सांगितलं. मी त्याला हेच विचारत आले. म्हटलं, देवाला कळलंय आता, जरा भाच्यालाही कळव, पाकीट मी आणून देते. पाच-सहा पत्रं लिहिली असतील, सगळी फाडली. माणूस देवभोळा नव्हता, खरा भाविक होता, पण त्यालाही देवापुढे गुडघे टेकणं सोपं जायचं आणि भाच्यापुढे अवघड. जगाचे नळ दुरुस्त केले, आमच्या मोरीतला अजून गळतो आहे. तुम्ही मामा-भाचे एकाच माळेचे मणी.

यायचं तर ये, नको तर येऊ नकोस. मी रुसणार नाही. पण त्याने मागितलं होतं ते तुझ्यापर्यंत पोचवायचं राहिलं होतं, ते पोचवलं.

डोळ्यांना जपतोस ना? लोकांच्या नव्हे, तुझ्या.

तुझी,
मामी

---

३० जानेवारी

ती. ताईस,
स. सलाम, वि. वि.

कंबर अडतीस. खरी.

मामीचं पत्र मी दुकानातच वाचलं. समोर एक आजोबा डोळे तपासायला खुर्चीत बसलेले, मी त्यांना पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली आणि मलाच दिसेनाशी झाली. त्यांनी बिचाऱ्यांनी मला रुमाल दिला आणि चष्मा न घेताच गेले.

मालक शुक्रवारी रात्री परततात, त्यामुळे सकाळची प्रार्थना मला गाठता येणार नाही. शनिवारी दुपारी दोनच्या गाडीने येतो. सोबत एक कागद ठेवला आहे. तो माझ्याऐवजी तू चर्चमध्ये वाच. आधी स्वतः वाचू नकोस म्हटलं तरी तू वाचणारच, पण निदान कुणाला सांगू नकोस. ऐकल्यावर आमच्या संघाला माझ्याबरोबर खेळायचं नसेल तर तसं स्टेशनवर कळव. मी त्याच गाडीने परत फिरेन आणि कुणालाही बोल लावणार नाही. ह्याची मला खरंच भीती वाटते आहे.

तुझा,
धाकटा

(सोबतचा कागद)

ती. मामास,
सप्रेम सलाम.

मामा, चेंडू आत होता. जरासा नव्हे, पूर्ण. चेंडू आणि रेषा ह्यांच्यामध्ये मला चार बोटं गवत दिसलं होतं. ते मी एकोणीस वर्षं रोज बघतोय.

तू मला सगळ्यांसमोर बोललास ते चुकलंच. आधी माझ्याकडे आला असतास तर मी खरं सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. आता लिहायला बसल्यावर तेही खात्रीने सांगता येत नाही. जिंकायचं होतं मला, तुझ्यासाठी. माझ्या दहा सोबत्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून नाही म्हटलं, म्हणजे मी त्यांनाही खोट्यात ओढलं. त्यांची मी आज माफी मागतो.

तू मागितलीस ती क्षमा घे. आनंदाने देतो. माझी राहिली ती कुणाकडे आणि कशी मागायची, ते तू टोपी काढून दर सामन्याआधी शिकवलंच होतंस. फार आठवण येते मामा. उशीर केला आपण दोघांनी.

तुझा भाचा,
भिंत

---

७ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी बारा

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नंतर, आधी वाच.

ही चिठ्ठी स्टेशनवरच्या पेपरवाल्याकडे ठेवते आहे. गाडीतून उतरल्या-उतरल्या तू त्याच्याकडे जाणार हे मला ठाऊक आहे.

कागद वाचला. एकही ओळ न गाळता. संपल्यावर तुझ्या संघाच्या बाकांकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता ह्याला त्याच गाडीने परत पाठवावं लागणार. मग मागच्या बाकावरून बोका उठला. म्हणाला की मी खांबाला धरून उभा होतो, ते गवत मलाही दिसलं होतं, भिंतीने सांगायच्या आधीच मी नाही म्हणायचं ठरवून टाकलं होतं. त्याचं बोलणं संपतंय तोवर डबल उठला. त्यानेही पाहिलं होतं. मग आणखी एक, मग दोघं एकदम. प्रत्येक जण इतकी वर्षं हेच समजत होता की मामाला आपण एकट्यानेच फसवलं. शेवटी लंगडी उठला आणि म्हणाला की मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो, मला काहीच दिसलं नाही, पण नाही मीही ठोकून म्हटलं होतं. त्यावर अख्खं चर्च हसलं. समोरच्या संघाचा कॅप्टन म्हणाला की आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, कपही आमच्याकडेच आहे, तेव्हा आमची काही तक्रार नाही.

तू त्यांना खोट्यात ओढलं नव्हतंस रे. सगळे आपापल्या पायांनी गेले होते.

दहाही जण बाकांमध्ये उभेच राहिले. पाळकांनी सगळ्यांसाठी क्षमेची प्रार्थना सुरू केली आणि ती शेवटाला आली तेव्हा मामीने हात वर करून त्यांना थांबवलं. म्हणाली, अजून एक जण दोनच्या गाडीने यायचा आहे, त्याला सोडून संपवायची नाही. पाळकांनी पुस्तक मिटलं. सगळे तसेच मैदानावर गेले आहेत आणि गोलच्या रेषेवर उभे आहेत.

घरी जाऊ नकोस, तोंड धुऊ नकोस, बॅग घेऊन सरळ मैदानावर ये. आमेन राहिलंय.

तुझी,
ताई