फोटोखालचं नाव

मालवण,
११ फेब्रुवारी २००४

तीर्थरूप आबांच्या पायावर सत्यशीलाचं डोकं.

मी बरी आहे. आता मासे खायलाही शिकले. मायचा गुडघा कसा आहे? मेंढरं कुठपर्यंत चारायला नेता?

मागच्या महिन्यात मासिकात माझे समुद्राचे तीन फोटो छापून आले, पण खाली नाव मी कामाला होते त्या स्टुडिओच्या मालकाचं होतं. शिवहारदादानं फोनवर सांगितलं, तुमी त्याला म्हणालात, "लेकरू खोटं बोलून राहिलं का?" आबा, ते मला लई लागलं.

मी मालकाला विचारलं, "माझं नाव काहून न्हाई?" तो म्हणाला, "कॅमेरा माझा, म्हणून फोटो माझे." त्याच दिवशी मी काम सोडलं आणि निगेटिव्ह घेऊन पुण्याला मासिकाच्या संपादक बाईंकडे गेले.

त्यांनी निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. "लाट एवढ्या जवळून कशी काढलीस?"

"कमरेइतक्या पाण्यात उभी होते," मी म्हणाले. मायला हे सांगू नका. एकदा लाटेनं पाडलं होतं, पण कॅमेरा मी वर धरून ठेवला.

सध्या मैत्रिणीचा जुना कॅमेरा वापरते. थोडी तकलीफ आहे, पण हे काम सोडून मी परत येणार न्हाई.

नवा अंक सोबत पाठवला आहे. बाईंनी चूक कबूल करून फोटो पुन्हा छापले. त्यांनी विचारलं, "नुसतं सत्यशीला गडदे टाकू?" मी म्हणाले, "न्हाई, सत्यशीला मुंजाजी गडदे. मधलं नाव माझ्या आबांचं आहे."

तुमची लेक,
सत्यशीला