सुंदररावनं दिलेलं वायपर

रविवार, १ सप्टेंबर १९९६. संध्याकाळी सात.

आजपासून डायरी. वीस वर्षं लोकांना वह्या विकल्या, स्वतःसाठी एक घेतली नव्हती. आज दुकानातून घेतली. कारण : दगा.

लिंबागणेशहून दर्शन घेऊन मी आणि बायको शिवगंगा परत येत होतो. वाटेत पाऊस लागला. वायपरचं बटण दाबलं. वायपर ढिम्म. शिवगंगानं खिडकीतून मान बाहेर काढून "डावीकडं घ्या, म्हैस हाय" करत बीडपर्यंत आणलं. तिचं डोकं ओलं, माझं गरम.

गाडी सुंदररावची, बहात्तरची फियाट. सुंदरराव म्हणजे माझा तीस वर्षांचा दोस्त. जिल्हा परिषदेतून रिटायर झाला, मोतीबिंदूमुळं गाडी चालवणं जमेना, म्हणून मार्चमध्ये मला दिली. देताना म्हणाला, "मल्लू, गाडी लई इमानदार हाय." पाऊस असला की मी गाडी बाहेर काढत नाही, पॉलिश जातं. त्यामुळं इमानदारी आज कळली.

संकल्प : मेकॅनिकचं तोंड बघायचं नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत मला फिजिक्स होतं.

सोमवार, २ सप्टेंबर.

दुकानातलं आयटीआयचं गाईड चाळलं. मग निदान. फ्यूज चांगला. बॅटरी चांगली, कारण टेप खणखणीत वाजतो. टेप वाजणारच. ऑगस्टमध्ये मी स्वतः बसवला. डॅशबोर्डच्या मागं एका स्क्रूवर एक काळी वायर उगाच अडकून बसली होती. ती काढली, त्या जागी टेपची लावली. एका झटक्यात काम. हात असावा लागतो.

म्हणजे टेप ठीक, करंट ठीक. राहिली मोटर. जळलेली आहे. सुंदररावला माहीत असणार.

मंगळवार, ३ सप्टेंबर.

मोटर काढली. गाईडमध्ये वीस मिनिटं लिहिलंय, मला पाच तास लागले. गाईडवाल्याची बोटं बारीक असतील.

मोटर लाकडी स्टुलावर ठेवली. तिला एक लाल वायर, एक काळी. लाल बॅटरीला जोडली. काळीचा काही उपयोग दिसला नाही. मोटर हलली नाही. हातोडीनं हळूच टकटक केलं. तरी नाही. मेली. खात्री झाली.

शिवगंगा म्हणाली, एसटी डेपोतल्या संजयला दाखवा, तो इलेक्ट्रिशियन हाय, आपल्याच गल्लीत राहतो. मी म्हणालो, तो एसटीच्या बस दुरुस्त करतो, ही कार आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर.

सकाळी बबनरावच्या हॉटेलात गेलो. आमची रोजची सात-आठ मंडळी होती, सुंदरराव पण होता. गप्प बसायचं ठरवून गेलो होतो. चहा येईपर्यंत बसलोही.

मग सगळ्यांसमोर सांगितलं : तू मला जळकी मोटर गळ्यात मारलीस. तीस वर्षांची दोस्ती तू भंगारात घातलीस.

सुंदरराव म्हणाला, "मी देली तवा चालत होतं बे. पाऊस न्हाई तरी महिन्यातून एकदा मी ते काचंवर पानी टाकून चालवायचो."

मी म्हणालो, आंधळ्याला काय दिसणार, चालतंय का नाही ते.

एवढं बोलायचं नव्हतं. पण बोललं गेलं. तो उठला. काठीनं पायरी चाचपत खाली उतरला. चहा तसाच राहिला. कुणी काही बोललं नाही. म्हणजे सगळ्यांना पटलं.

मंगळवार, १० सप्टेंबर.

एसटीडी बूथवरून औरंगाबादला तीनदा फोन केला. मोटर आज पार्सलनं आली. नवी कोरी. देशात काय काय मिळायला लागलंय. पाच वर्षांपूर्वी ह्या मोटरला सहा महिने लागले असते.

बसवली. एक नट उरला. कंपनी जास्तीचा देत असावी.

बुधवार, ११ सप्टेंबर.

बटण दाबलं. नवी मोटरही गप्प.

ही पण जळकी! बूथवर जाऊन औरंगाबादच्या दुकानदाराला चांगलं सुनावलं. त्यानं विचारलं, "अर्थ बघितला का?" मी म्हणालो, अर्थ सरळ आहे, तू चोर आहेस. त्यानं फोन ठेवला. माणसं चर्चाच करत नाहीत आता.

शुक्रवार, १३ सप्टेंबर.

शिवगंगानं आज आठवण करून दिली. सुंदररावच्या डोळ्याचं ऑपरेशन अंबाजोगाईला काल झालं. रविवारी सोडणार. मी आणायला जाईन असा शब्द मीच जुलैमध्ये दिला होता.

मी म्हणालो, आता संबंध राहिले नाहीत. ती म्हणाली, "शब्द तुमी देलता. आता तुमी जाता, का मी एसटीनं जाऊन त्यान्ला आनू?"

जाणार. दगा त्यानं दिला, मी देणार नाही. मात्र बोलणार नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर.

रेडिओवर पाऊस सांगितलाय. तरी बंदोबस्त केला. वायपरचा दांडा मोटरपासून सोडवला, म्हणजे पाती हातानं हलतात. एका पात्याला सुतळी बांधून माझ्या खिडकीतून आत घेतली, दुसऱ्याला बांधून पलीकडच्या खिडकीतून. मी ओढलं की पाती इकडं, शेजारच्यानं ओढलं की तिकडं. मोटरची गरजच नाही. कंपन्या उगाच लुटतात.

शेजारी कोण बसणार, हे सुतळी बांधून झाल्यावर लक्षात आलं.

रविवार, १५ सप्टेंबर. घरी आलो, आठ वाजले.

सुंदरराव पुढं बसला, डाव्या डोळ्यावर पट्टी. त्याची बायको सुभद्राबाई मागं, मांडीवर औषधांची पिशवी. मी नमस्कारापुरतं बोललो, तो पण तेवढंच.

केज सोडलं आणि आभाळ फाटलं. काच पांढरी झाली. मी माझी सुतळी ओढली. पाती इकडं आली आणि तिथंच राहिली. तिकडून कुणी ओढेना. कारण मी बोलणार नव्हतो. दोन शेतं गेली. एक ट्रक हॉर्न देत अंगावरून गेला.

सुभद्राबाईंनीच बघितलं. म्हणाल्या, "अवो, ती दोरी वढा की! भावजी, आता तुमी. आता हे. आता तुमी." नेकनूरपर्यंत त्याच बोलत होत्या. आम्ही दोघं मुक्यानं ओढत होतो. त्यांचा आवाज बसला, तेव्हा आम्हाला ताल सापडला होता.

मांजरसुंब्याच्या घाटात मला वळण दिसलं नाही. माझीच सुतळी हातातून सुटली होती. सुंदरराव एका डोळ्यानं काचेला नाक लावून बसला होता. ओरडला, "उजवीकडं घे बे मल्लू, कठडा!" घेतलं. कठडा हातभर राहिला असेल. खाली येऊन गाडी थांबवली. त्याची बाही खांद्यापर्यंत भिजली होती आणि सुतळीनं तळहात सोलला होता. ऑपरेशनचा माणूस. सुभद्राबाईंनी पदरानं त्याचा चेहरा पुसला, पट्टी सांभाळत.

मी काहीतरी बोलणार होतो. पण दगा त्यानं दिलाय. घरापर्यंत सोडलं आणि निघालो.

सोमवार, १६ सप्टेंबर.

गणपती बसले. आरती झाल्यावर बघतो तर शिवगंगानं मला न विचारता संजयला बोलावलेलं. घरातूनच फितुरी.

संजय डॅशबोर्डखाली आडवा झाला. मला चप्पल घालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बाहेर आला. म्हणाला, "काका, ही काळी वायर कुनी काढली?"

मी विचारलं, कोणती काळी.

तो म्हणाला, "वायपरची. मोटर रबरावर बसलीय, गाडीच्या पत्र्याला भिडत न्हाई. करंट आत येतो, पर माघारी जायला हीच वाट, हिलाच अर्थ म्हंत्यात. तीच सुटलीय. हितं टेपची लावलीय कुनीतरी."

त्यानं दांडा जोडला, दोन्ही वायरी एका स्क्रूखाली दाबल्या. वायपर सुरू. मग माझी जुनी मोटर घेऊन तिची काळी वायर पण बॅटरीला लावली. स्टुलावर गरगर फिरली. हातोडीची खूण अंगावर घेऊन.

शिवगंगा दारात उभी होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

टेपच्या डब्यातल्या कागदावर हे स्पष्ट लिहायला हवं होतं. ग्राहकाशी हा दगाच आहे.

मंगळवार, १७ सप्टेंबर.

सुंदररावकडे जायचं होतं. दुकानात गर्दी.

बुधवार, १८ सप्टेंबर.

गर्दी नव्हती. पण बुधवारी कुणी माफी मागत नाही.

गुरुवार, १९ सप्टेंबर.

गेलो. सांगितलं की तांत्रिक परिस्थितीमुळं गैरसमज झाला. सुंदरराव म्हणाला, "म्हंजे काय झालं बे?" परत सांगितलं. तो म्हणाला, "मराठीत सांग." मग सांगितलं. वायर मी काढली. दगा तू दिला नव्हतास. आंधळा म्हणालो ते चुकलं.

त्यानं डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "हाटेलात बोललास ना? हाटेलात सांग."

शुक्रवार, २० सप्टेंबर.

रात्रभर भाषण पाठ केलं. सकाळी सुंदररावला गाडीतून बबनरावच्या हॉटेलात नेलं. सगळी मंडळी होती. मी उभा राहिलो. म्हणालो, त्या दिवशी मी ह्याला दगाबाज म्हणालो, ते खोटं होतं. दोष माझा. माझ्या बोलण्यामुळं तुमच्या मनात सुंदररावबद्दल काही आलं असेल तर ते काढून टाका.

बबनराव गल्ल्यावर होता. म्हणाला, "आमच्या मनात कावून येईल? त्या दिशी तुमी जाताच समदे म्हनले, मल्लूशेटनंच कायतरी वायर तोडली असंल."

सगळे माना डोलवायला लागले. एकानं विचारलं, आता टेप वाजतो का.

मी खाली बसलो. सुंदरराव हसायला लागला. खांदे गदगदत होते, पट्टी नसलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी दहा दिवस जोरात हसू नका, टाके ओढले जातात, म्हणून सांगितलंय. शेवटी मलाच त्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसावं लागलं.