चाबकाचा गेरू

माघ वद्य पंचमी, लोधीपुरा

आज तापीकाठच्या शर्यतीत पंच म्हणून मी सुपडूला घोडीसकट वर्षभरासाठी बाद केलं. स्वाराला तीनच फटक्यांची मुभा, आणि मी कानांनी नऊ मोजले. फटके दिसावेत म्हणून चाबकाला ओला गेरू लावतो आम्ही. पण पांढऱ्या घोडीवर एकही डाग नव्हता. घामाने धुतला असेल, असं मीच ठरवून टाकलं. शर्यत बघायला आलेल्या गोऱ्या साहेबापुढे शिस्त दाखवायची घाई, दुसरं काय!

मन खात होतं, म्हणून संध्याकाळी तबेल्यात गेलो. सुपडू घोडीचे पाय चोळत होता. त्याच्या धोतरावर, मांडीशी, गेरूचे पट्टे. मोजले. नऊ. म्हणजे घोडी नुसत्या आवाजावर पळाली. मार सगळा यानेच खाल्ला.

"अरे, तिथंच का नाही बोललास? उद्याच शिक्षा मागे घेतो."

"नका घेऊ, मास्तर," तो घोडीकडे बघत म्हणाला. "थकली आता ती. सजा उठली तं मालक तिले परत पळवतीन."

घोडीने त्याच्या खांद्यावर मान टाकली. नऊ पट्टे... निघताना एवढंच म्हटलं, "धोतर धुऊन टाक, मालक यायच्या आत."