टेबलाची जखम

तीर्थरूप मामांना भाचीचा नमस्कार. (वाकले की कंबर धरते, म्हणून निम्मा इथे लिहिते, उरलेला भेटीत.) मामीचा खोकला कमी झाला असेल आणि निवृत्त होऊनही तुम्ही शेजारच्या मुलांना बीजगणित शिकवून छळत असाल, असं धरून चालते. इकडे मी ठणठणीत आहे. नोकरीची तब्येत तेवढी बरी नाही, ते सविस्तर कळवते.

मी बारा वर्षं एकाच समीकरणाशी संसार केला, हे तुम्हाला माहीत आहे (दुसरा झाला नाही, हे मामी सगळ्यांना सांगतेच). जखम कशी भरते, याचं ते समीकरण. कडेच्या पेशी आत सरकतात, रक्त पोचतं, साखर आडवी येते, एकाचा परिणाम दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा फिरून पहिल्यावर. कागदावर जखम छान भरायची. अडचण एवढीच, की कागदाला जखम नव्हती. म्हणून आमच्या संस्थेच्या साहेबांनी माझ्या सिद्धान्ताची गाठ माहितीशी घालून द्यायचं ठरवलं. माहिती म्हणजे एका रुग्णालयातल्या जखमांचे चाळीस हजार फोटो, त्या रुग्णांचे रक्ताचे अहवाल, आणि हे सगळं राखणारा एक विद्वान, ज्याला आम्ही ढीगवाला म्हणतो.

ढीगवाला स्वभावाने वाईट नाही. ढीग पुरेसा मोठा असला की विचार करावा लागत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. समीकरणाचं आणि ढिगाचं पटलं नाही, की तो समीकरणातला एखादा आकडा बदलायचा (ढिगातला कधीच नाही). सहा महिन्यांत समीकरणाची अशी दशा झाली, की ओळख पटवायला मला बोलवावं लागलं असतं. पण समीकरण आणि ढीग मिळून संगणकावर जे यंत्र तयार झालं, ते बोलू लागलं. फोटो दाखवा, ते सांगणार, ही जखम भरेल, ही भरणार नाही. शंभरात चौऱ्याण्णव वेळा बरोबर. साहेबांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढले, खोटं कशाला बोलू.

खटकलं ते असं, की यंत्र साखरेकडे बघतच नव्हतं. पायात रक्त पोचतं की नाही, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. मग ते बघत होतं तरी काय? मी आठवडाभर फोटो चाळले. प्रत्येक फोटोत जखमेशेजारी मोजमापासाठी एक कागदी पट्टी असते. खालच्या मजल्यावर साध्या जखमा, तिथे पांढरी पट्टी. चिघळलेल्या जखमा वरच्या मजल्यावर थोरल्या सिस्टरांकडे, आणि त्यांच्याकडच्या पांढऱ्या पट्ट्या संपल्यामुळे त्या निळी वापरायच्या. मी एक निळी पट्टी माझ्या टेबलावर ठेवली, फोटो काढला आणि यंत्राला दाखवला. टेबलाची जखम भरणार नाही, असं यंत्राने सत्त्याण्णव टक्के खात्रीने सांगितलं. पट्टी बदलून पांढरी ठेवली, तर टेबल सहा आठवड्यांत बरं होणार होतं.

दोन्ही फोटो घेऊन मी साहेबांकडे गेले. ढीगवाला तिथेच बसला होता. साहेबांनी टेबल बराच वेळ न्याहाळलं.

"टेबलांबद्दल आपण कधी दावा केलेलाच नाही," ते म्हणाले.

"सर, यंत्र जखम बघत नाही. पट्टी बघतं."

"मग पट्ट्या सगळीकडे सारख्या करून टाकू. प्रश्न मिटला."

ढीगवाला खाली बघत म्हणाला, "पट्टी हीसुद्धा माहितीच आहे, मॅडम."

आणि खरोखरच पांढऱ्या पट्ट्या छापून यंत्रासोबत अकरा रुग्णालयांना पाठवल्या गेल्या (मागच्या बाजूला शोभेला माझं समीकरण आहे, त्यातही एक चिन्ह चुकलंय). आता यंत्र सगळ्यांनाच सांगतं, जखम भरेल. रुग्ण खूश, डॉक्टर निवांत, साहेबांचा सत्कार. मी मात्र तडक राजीनामा लिहिला, साहेबांच्या समोर ठेवला आणि मागे वळूनही पाहिलं नाही. तुमच्या भाचीला शोभेल असंच वागले, याचं समाधान आहे.

मामीला नमस्कार सांगा.

तुमची,
भाची

ता. क. राजीनामा लिहिला हे खरं. तो माझ्याच खणात आहे. शोधनिबंधावर माझं नाव दुसरं आहे आणि सत्काराला मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

आणखी एक, जे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. तुमच्या पायाची जखम भरेल असं दवाखान्यातल्या यंत्राने सांगितलं, आणि ते आपल्या भाचीचं यंत्र आहे म्हणून तुम्ही गल्लीभर सांगत फिरताय, असं मामीने कळवलं. मी दोनदा फोन केला. तुमचा आवाज इतका खुशीत होता, की हवापाण्याचं विचारून ठेवून दिला. मामा, त्या फोटोतली पट्टी पांढरीच असणार. उद्या सकाळी पुन्हा जा. डॉक्टरांना म्हणावं, यंत्र बाजूला ठेवा आणि पाय हातात घेऊन बघा, बोटांपर्यंत रक्त पोचतंय का ते तपासा. त्यांनी ऐकलं नाही, तर हे पत्र त्यांना वाचायला द्या. माझी नोकरी जाईल. ती माझ्याच्याने सुटत नाही, निदान तुमच्या हातून तरी सुटू दे.