संध्याकाळी सातचं नेट

३ नोव्हेंबर, सोमवार

गोठले! तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले. पडद्यावर माझं असं चित्र लटकून राहिलं, आणि मस्कतमधल्या कुणा लहानग्याचं हसू मात्र स्वच्छ ऐकू आलं. मग तेही गेलं.

परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणारी संस्था आहे. नेमणुकीआधी एक चाचणी वर्ग घ्यावा लागतो. माझा वर्ग आज मोबाइलच्या नेटवर, गोष्ट निम्म्यावर असताना, संपला.

संस्थाप्रमुख अंजनाताईंचा नंतर फोन आला. "प्राची, तुमचं सांगणं मला आवडलं. पण नेट बघा. मुलांचं लक्ष एकदा सुटलं की परत येत नाही. बावीस तारखेला, शनिवारी, सात वाजता पुन्हा घेऊ. तेव्हाही असंच झालं तर मला दुसरं कुणी पाहावं लागेल."

मी "हो" म्हणाले. एवढंच.

हे काम मला हवं आहे. फार हवं आहे. एम.ए.ला पहिली आले, त्यानंतर दोन शाळांत मुलाखतीचा पाठ घेतला. दोन्हीकडे माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचला नाही. पडद्यासमोर मात्र तो येतो! का, ते ठाऊक नाही.

४ नोव्हेंबर

बाबा नेट घ्यायला तयार आहेत. अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट तपासून घेण्याची सवय. "वर्षाचं पॅकेज स्वस्त पडतं, पण एकदा भरलं की वर्षभर तेच गळ्यात. कोणतं घ्यायचं ते तू ठरव. तुलनात्मक प्रश्न तुझ्या आवडीचे ना?"

आई आतून म्हणाली, "तिच्यावर सोडू नका. ती आधी संदर्भग्रंथ मागेल."

खरं तर मागितलेच असते!

६ नोव्हेंबर

बदलापूरच्या सोनिवलीतल्या आमच्या सोसायटीत पर्याय तीन. एक, मोठ्या कंपनीची फायबर. समोरच्या श्रद्धाकडे आहे. दुसरा, तारेशिवाय चालणारा डबा, खिडकीत ठेवायचा. सातव्या मजल्यावर राजेंद्रकाकांकडे. तिसरा, दिपेशची लाइन. दिपेश इथलाच. आमच्या इमारती उभ्या आहेत तिथे त्याच्या घरची भातशेती होती. आता तो केबल आणि नेट चालवतो. निम्मी सोसायटी त्याच्याकडे.

जाहिरातींवर विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवलं. सगळ्यांत मोठा आकडा असतो तो आपल्याकडे येणाऱ्या वेगाचा. माझा चेहरा आणि आवाज इथून जायचा आहे, म्हणजे मला जाणारा वेगही हवा. तो बारीक अक्षरांत असतो, किंवा नसतोच. शिवाय किमतीत कर धरलेला नसतो. आणि न पाहिल्या जाणाऱ्या मालिकांचे पैसे तेवढे धरलेले असतात!

तेव्हा घरोघरी जाऊन वेग मोजायचा. वेळ दुपारची. दुपारी घरात माणसं कमी असतात. एखादी सासू, एखादी सून. तेवढं मला जमेल.

७ नोव्हेंबर

जमलं. चार घरं झाली. दार उघडल्यावर म्हणायचं वाक्य जिन्यात पाठ केलं होतं. बी विंगमधल्या आजींनी ते पूर्ण होऊ दिलं नाही. "नेट मोजणार? मोज. तिकडे डबीत लाल-हिरवं काहीतरी लागतं बघ. चहा ठेवते."

दिपेशची लाइन चारही घरांत उत्तम! येताना-जाताना सारखाच वेग.

८ नोव्हेंबर

राजेंद्रकाकांचा डबा वाईट नाही, पण लहरी आहे. काकू म्हणाल्या, "याला या खिडकीतून हलवायचं नाही हं. हलवला की माझी मालिका अडकते. ह्यांना हलवलं तरी चालेल."

श्रद्धाची फायबर चांगली, पण दिपेशच्या किंचित खाली. आणि महाग. श्रद्धा ऑफिसला गेली होती. तिच्या सासूबाईंनी मोजू दिलं. त्यांची तक्रार वेगळीच. "मध्ये वायर तुटली तर फोनवर बाई बोलत राहिली, एक दाबा, दोन दाबा. मी दाबत बसले. माणूस आला गुरुवारी." दिपेश स्कूटरवरून तासाभरात येतो म्हणे.

निष्कर्ष स्वच्छ आहे. वेग जास्त, दर कमी, माणूस जवळचा.

९ नोव्हेंबर, रविवार

बाबांना चार मुद्द्यांत सांगितलं. ते म्हणाले, "पटलं." त्यांच्याकडून ही मोठी पदवी! लगेच दिपेशला फोन झाला. तो पुढच्या रविवारी तार टाकून देणार, राउटर आम्ही आणायचा, आणि तेव्हाच वर्षाचं पॅकेज भरायचं. "टेन्शन नको मॅडम, आपली लाइन एकदम मक्खन!"

बावीस तारखेला कोणती गोष्ट सांगायची याचा विचार सुरू केला. कावळा नको. कावळा सगळ्यांना येतो.

११ नोव्हेंबर

बाबांबरोबर उल्हासनगरला गेले, राउटर आणायला. दुकानदार सिंधी, हसतमुख. "बेटी, ये देख, चार अँटेना! दो वाला लेगी तो पछताएगी." बाबांनी विचारलं, चार अँटेना म्हणजे नेमकं काय? त्याने खोका उलटसुलट करून पाहिला. "साईं, चार मतलब चार!"

दोनचा घेतला.

१२ नोव्हेंबर

माती!

श्रद्धा लिफ्टपाशी भेटली. शाळेपासून एका वर्गात होतो. तिच्याशी मी बोलू शकते. मोठ्या उत्साहाने तिला माझा अभ्यास सांगितला. तिने मध्येच विचारलं.

"मोजलंस कधी?"

"दुपारी. दोन-तीनच्या सुमाराला."

"अगं ए टॉपर! दुपारी बदलापूर असतं कुठे? ते ठाण्याला असतं, दादरला असतं, बीकेसीला असतं. दुपारी इथे कोण नेट वापरतं? तुझ्या त्या आजी?"

ती हसायला लागली, मग माझा चेहरा पाहून थांबली. "संध्याकाळी सगळे परत येतात ना गं. टीव्ही लावतात, पोरं गेम लावतात, राहिलेलं ऑफिस लॅपटॉपवर लावतात. तुझा क्लास किती वाजता?"

सात.

मी रिकाम्या गावाचा वेग मोजला. आणि का मोजला, तेही मला माहीत आहे. माणसं नसतील अशी वेळ मी शोधत होते. माणसं नव्हती म्हणूनच तर वेग होता!

१३ नोव्हेंबर

बाबांना सांगितलं. रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "आमच्याकडे मशीन रिकामं चालवून पास करत नाहीत. लोड टाकून बघतात. पुन्हा बघ."

पुन्हा म्हणजे संध्याकाळी. भरल्या घरांत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले. आधी बी विंगच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले, हे इथे लिहायला हरकत नाही.

तेच घर, तीच बेल. आत मात्र दुसरंच गाव. आजींचे चिरंजीव बनियनवर, मांडीवर ताट. "कोण? नेटवाली? या, या. जेवणार?" टीव्ही मोठ्याने, कुकर त्याहून मोठ्याने. सूनबाई इअरफोन लावून लॅपटॉपवर कुणाला तरी "यस सर, डन सर" करत होत्या आणि खुणेने मला बसायला सांगत होत्या. कोपऱ्यातून एक मुलगा ओरडला, "आंटी, तुमचं टेस्ट बंद करा ना यार, माझा गेम लटकतोय!"

आंटी! चोविसाव्या वर्षी!

पाठ केलेलं वाक्य त्या गोंगाटात कुणालाच ऐकू गेलं नाही. मग मी मोठ्याने बोलले. माझा तो आवाज मला नवीन होता.

दिपेशची लाइन सात वाजता रांगत होती. जाणारा वेग तर नावालाच. त्याच्या चारही घरांत तीच कथा. राजेंद्रकाकांचा डबा क्षणात वर, क्षणात खाली. श्रद्धाची फायबर थोडी घसरली, पण टिकली.

दोन घरी चहा, एका घरी भजी, आणि तिन्ही घरी "लग्नाचं काय मग?"

१५ नोव्हेंबर

कठीण दिवस. उद्या दिपेश तार टाकायला येणार. त्याला नाही म्हणायचं आहे. बाबा म्हणाले, "मी सांगू?" मी हो म्हणणार होते. पण मोजलं मी, चुकले मी.

सोसायटीमागे त्याचं घर आहे, तिथे गेले. ओसरीवर त्याची आई, पुतळाबाई, वाल सोलत बसल्या होत्या. दिपेश वायरचं भेंडोळं गुंडाळत होता.

"बोला मॅडम. उद्या सकाळी येतो ना."

"तुमची लाइन घेता येणार नाही," मी म्हणाले. "दुपारी चांगली आहे. सात वाजता चालत नाही."

तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "टॉपरनी नापास केलं आपल्याला! मॅडम, निम्मी सोसायटी आपल्यावर आहे. कोण बोलत नाय असं."

"कुणी मोजलं नसेल." मोबाइलवरचे निकाल पुढे केले. घर तेच, वेळा दोन.

त्याने मोबाइल हातात घेऊन दोन्ही आकडे पाहिले. "लोक बोलतात, नेट स्लो आहे. मी बोलतो, राउटर बदला," असं काहीसं पुटपुटला. मग जरा घुश्शातच, "तीनही विंगला एकच लाइन वाटलीये. ग्राहक वाढले, लाइन तेवढीच. दुसरी खेचायचीच होती. दिवाळीनंतर बोललो, दिवाळी झाली."

पुतळाबाई वाल सोलता सोलता म्हणाल्या, "तोंडावर बोलली पोर, ता बरा झाला. माझा तर ऐकतच नाय तो. काय गो बाय, तुला कशाला लागते एवढी लाइन?"

"मुलांना मराठी शिकवायचंय. परदेशातल्या."

"अगो बाय!" म्हणाल्या, आणि माझ्या ओंजळीत वाल ओतले.

दिपेश फाटकापर्यंत आला. "गुरुवारपर्यंत नवी लाइन टाकतो. सात वाजता येऊन तुम्हीच मोजा. नाय चालली तर श्रद्धा मॅडमवाली घ्या, मीच वायर ओढून देतो."

१६ नोव्हेंबर, रविवार

श्रद्धाकडची फायबर आज बोलावली तर माणूस बुधवारपर्यंत येईल. सिद्ध झालेली वस्तू की दिलेला शब्द? परीक्षेत असा प्रश्न कधी आला नाही.

फायबर सांगून ठेवली आहे, रद्द करता येते. श्रद्धा म्हणाली, "आणि दोन्ही फसले तर शनिवारी माझ्या बेडरूममध्ये ये. नवऱ्याला बाहेर काढते."

१९ नोव्हेंबर

फायबरचा माणूस आला नाही. फोनवरच्या बाईने मला दोन दाबायला सांगितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नवी लाइन आली! सात वाजता तीनही विंगांतून फिरले. या वेळी बेल वाजवण्याआधी थांबले नाही. आजींच्या घरी तोच टीव्ही, तोच कुकर, तीच "यस सर." वेग दुपारइतका नाही, पण टिकतो. श्रद्धाच्या फायबरच्या जवळपास. गेमवाला मुलगा म्हणाला, "आंटी, तुम्ही केलं का हे? भारी!"

दिपेशला होकार दिला. एका महिन्याचा, वर्षाचा नाही. तो म्हणाला, "महिन्यानी परत परीक्षा?" मी म्हटलं, "हो." दोघेही हसलो.

आमच्या घरात राउटरवर हिरवा दिवा लागला आहे. आई त्याच्यावर रुमाल टाकायला निघाली होती, धूळ बसते म्हणून. थोडक्यात वाचला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सुगरण पक्ष्याची गोष्ट पुरी झाली! सात वाजता, सगळं बदलापूर घरी आलेलं असताना. पडद्यावरचे मुलांचे पाचही चौकोन शेवटपर्यंत जागेवर. दोहाच्या मुलीने विचारलं, "मग त्या सुगरणीने दुसरं घरटं केलं का?" मी म्हटलं, तू काय म्हणतेस? मग त्या पाचजणांत जे भांडण लागलं! माझं बोलणं कुणी ऐकतच नव्हतं. किती सुंदर.

२५ नोव्हेंबर

अंजनाताईंचं पत्र. नेमणूक झाली! डिसेंबरपासून, आठवड्यातून तीन संध्याकाळी.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. कारखान्यात बढतीचं वाचत तसं, उभ्याने.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दारात पुतळाबाई. मागे, त्यांच्या पदराआड, दिपेशची दहा वर्षांची मुलगी, जिज्ञासा. "ही इंग्रजी शाळेत जाते. मराठी पाटी वाचता येत नाय हिला. घरात बाहेरचा मानूस आला का आत पळते. ऑनलाइन नको बाय. समोर बसव."

समोर! लादीवर सतरंजी घातली. पुतळाबाई आईबरोबर आत गेल्या. आम्ही दोघी समोरासमोर, दोघींच्या नजरा सतरंजीवर.

ती अगदी हळू म्हणाली, "टीचर, मी कॅमेरा ऑफ ठेवू?" आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"ठेव," मी म्हटलं. मीही झाकला. आणि गोष्ट सुरू केली.